भोळी एकांकिका

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बिलं परस्पर ई-मेलनं जावीत, म्हणून मी परवा एसएमटीपीची मूळ संहिता वाचली. जॉन पोस्टेल यांची ही १९८२ सालची एकांकिका. पात्रं दोनच. पहिलं म्हणतं, 'हेलो' (इंग्रजीत एक 'एल' गाळून!). दुसरं बहुतेक वाक्यांना '२५० ओके' अशी मान डोलावतं. पाठवणारा स्वतःचं नाव सांगेल ते खरं! हा भोळेपणा पुढं भोवला. भामटे शिरले, म्हणून आता एसपीएफची यादी, डीकेआयएमची सही, असले दाखले डोमेनच्या दप्तरी नोंदवावे लागतात. मी ते नोंदवले नाहीत. बिलं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये पडली नि उधारी तिथंच राहिली. दोष नाटककाराचा की जगाचा, हे वसुली झाल्यावर ठरवीन!