जिंकल्यावर महाराज काय म्हणाले?

वह्या बुडवल्याचे आख्यान आपण सर्वांनी ऐकले आहे. वाघोलीचे रामेश्वरभट्ट विद्वान, त्यांच्या शब्दाला वजन. समोर देहूचा एक दिवाळे निघालेला वाणी. अभंगांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात गेल्या, महाराज शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून बसले आणि तेराव्या दिवशी वह्या तरल्या. तेरा दिवसांचा उल्लेख खुद्द महाराजांच्या अभंगात आहे, बहिणाबाईंच्याही अभंगात आहे.

आता या आख्यानाच्या मांडणीविषयी थोडे परखड बोलतो. बहुतेक कीर्तनांत वह्या वर आल्या की टाळमृदंगाचा गजर होतो आणि आख्यान संपते. ‘प्रभात’च्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाने विष्णुपंत पागनिसांच्या रूपाने महाराजांना घरोघरी नेले, हे उपकार मोठेच. पण त्यातही डोळ्यांत भरतो तो चमत्कार. श्रोता घरी जाताना एवढेच नेतो, की देव आपल्या बाजूने असला की विरोधकाची जिरते.

गाथा मात्र पुढे जाते. वह्या तरल्यानंतरचे अभंग काढून वाचा. त्यांत विजयाचा एक शब्द नाही. महाराज देवाची क्षमा मागतात. लोकांच्या बोलण्यासाठी मी तुझा अंत पाहिला, हा माझा मोठा अन्याय, असे म्हणतात. मानेवर सुरी आली नव्हती, पाठीवर घाव बसला नव्हता. तरी केवढा आकांत मांडला! इकडे मला सांभाळायचे आणि तिकडे डोहात कागद, अशी देवाला दोन ठिकाणी धाव घ्यावी लागली, याचीच त्यांना खंत. पुढे कोणी मान कापली तरी तुला शीण होईल असे करणार नाही, इथवर ते येतात. त्यांचे लक्ष रामेश्वरभट्टांच्या पराभवाकडे नाहीच. देवाला कष्ट पडले, तेवढेच त्यांना सलते.

माऊली, हे आज का सांगतो? आमच्या पनवेल भागात जमिनीला भाव आला आणि भावाभावांत दावे उभे राहिले. निकाल माझ्या बाजूने लागू दे, असे साकडे दोघेही त्याच विठोबाला घालतात. संकटात त्याला हाक मारू नये असे मी म्हणत नाही. महाराजांनी तर धरणे धरले. पण त्यांनी सारा भार देवावर टाकला आणि शत्रूचे वाईट मागितले नाही. आपण देवाला वकीलपत्र देतो आणि भावाचा नाश मागतो. याला भरवसा कसा म्हणावा?

आख्यानाचा खरा शेवट आपण रोज गातो, पण ध्यानात घेत नाही. ‘आरती तुकारामा’ रचली ती रामेश्वरभट्टांनी. रामाने सागरावर पाषाण तारले तसे हे अभंग रक्षिले गेले, अशी साक्ष वह्या बुडवायला सांगणाराच देतो. कागद तरले ही देवाची कृपा खरीच. विरोधकही तरला, ही त्याहून मोठी.

कीर्तनकार बंधूंना एवढीच विनंती, की गजर जरूर करा, पण त्यानंतर क्षमेचा एक अभंग सोडवल्यावाचून आख्यान संपवू नका. आणि वाचकहो, बोरघाट चढून देहूला जाल, तेव्हा डोहाकाठी आपल्या प्रतिवाद्याचे नाव घेऊन त्याचेही कल्याण मागून पाहा.