हजेरीबुकात तिचं नाव कुठाय?

दलित कवितेत आई फार आहे. मोळी वाहणारी आई, गवऱ्या थापणारी आई, पोराच्या शिक्षणापायी उपाशी झोपणारी आई. सभेत तिच्यावरची कविता वाचली की टाळ्या पडतात. पण त्या आईला मजुरी किती मिळाली, बापापेक्षा किती कमी मिळाली, ती कुणी बुडवली? कवितेत आई घाम गाळते, घामाचा हिशेब मात्र क्वचितच दिसतो.

मी सूतगिरणीत रिंगवर काम करतो. समीक्षा कॉलेजात शिकलेलो नाही. पण गिरणीत कोण कुठल्या खात्यात उभं आहे हे बघितलं की जात कळते आणि बाईची किंमतही कळते, एवढं मला ठाऊक आहे. पुस्तकंही मी तशीच वाचतो.

मुंबईच्या जुन्या गिरण्या बघा. विणकाम खात्यात पगार चांगला. तिथं धोट्यातून दोरा तोंडानं ओढावा लागे, म्हणून सवर्ण विणकरांनी अस्पृश्याला आत येऊ दिलं नाही. त्याच्या वाट्याला कमी पगाराचं रिंग खातं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल युनियनच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक ठेवला. ही गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

पण त्याच गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बाया होत्या. नायकिणीच्या हाताखाली, उक्त्या दरावर. १९२० च्या दशकात पाच कामगारांत जवळपास एक बाई होती. १९७० च्या दशकात शंभरात पाचही उरल्या नाहीत. नवी यंत्रं आली, रात्रपाळीला बाईला मनाई, बाळंतपणाचा खर्च मालकाला नको. घाला आधी तिच्यावर पडला. १९२८ सालीच बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या बिलाच्या बाजूनं बोलले. १९२९ ला कायदा झाला. ही गोष्ट मात्र आपल्याला पाठ नाही. १९८२ च्या संपावर कविता झाल्या, त्याआधीच गुपचूप बाहेर गेलेल्या या बायांवर किती झाल्या?

१९७६ ला समान वेतनाचा कायदा आला. समान कामाला समान दाम. मालकानं पळवाट काढली, कामच समान ठेवायचं नाही. बाईचं खातं वेगळं, म्हणून दरही वेगळा. धोट्याच्या वेळी जातीनं जे केलं, तेच इथं.

आता दोन पुस्तकं शेजारी ठेवू. बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३). त्या कथेतला पोरगा रेल्वेत नोकरीला लागतो, जात लपवतो आणि उघडी पडल्यावर मार खातो. ही कथा आपण डोक्यावर घेतली, घ्यायलाच हवी होती. दुसरं, कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' (१९८१). पूर्वाश्रमीच्या सोमकुवर. दलित बाई संस्कृत घेऊन एम.ए. झाली. कौतुक झालं, पण नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्न झालं, आडनाव बदललं, मग सरकारी कॉलेजात नोकरी मिळाली. श्रेय आपल्या संस्कृतचं नाही, नवऱ्याकडून आलेल्या आडनावाचं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

बागुलांच्या नायकाला जात चोरावी लागली. इथं बाईनं काहीच चोरलेलं नाही. तरी तिची विद्या कमी पडली आणि नवऱ्याचं नाव पुरलं. जात आणि बाईपण एकाच नेमणुकीत असं उघडं पडलेलं मी दुसरीकडं वाचलेलं नाही. 'अंतःस्फोट'ला नुसतं 'आत्मकथन' म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांना हे दिसलंच नाही.

ढसाळांनी 'गोलपीठा'त (१९७२) कामाठीपुऱ्याच्या बाया कवितेत आणल्या, ते मोठं काम झालं. पण घराघरातली कमावती बाई बघायला ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) यावं लागलं. बाप गेल्यावर आई बांबूची आयदानं विणते आणि विकून घर चालवते. तिला कुठलं हजेरीबुक नाही, पगाराची पावती नाही. सरकारी कागदात अशी बाई 'घरकाम' होऊन बसते. पोरीनं लिहिलं म्हणून ते काम काम ठरलं.

काही कार्यकर्ते म्हणतील, आधी जातीचं बघू, बाईचं मागनं. नाहीतर चळवळीत फूट पडेल. च्यायला, हे ऐकल्यासारखं वाटतं ना? आधी वर्ग, जात मागनं, असंच लाल बावट्याचे पुढारी आपल्याला सांगत आले. तेव्हा आपण ऐकलं नाही. मग आता आपल्या बायकांनी का ऐकावं?

कवींनो, आईला देव्हाऱ्यात बसवू नका. देव्हाऱ्यातल्या बाईला कुणी पगार देत नाही. तिचं खातं लिहा, तिचा दर लिहा, तिला बदलीवर ठेवणाऱ्या मुकादमाची जात लिहा. आणि घरी तिचा पगार कोण मोजून घेतो, तेही लिहा. तो बऱ्याचदा आपलाच माणूस असतो, निळा झेंडा खांद्यावर घेतलेला. त्याच्यावर लिहायची हिंमत आपल्या विद्रोहात आहे का, यावरच मी पुढची कविता तपासणार आहे.