शुद्धिपत्राचे पान

पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेले शुद्धिपत्र मी कधी मनापासून वाचलेले नाही. आपणही वाचले नसेल. छापील चूक वाचकाच्या मनात घर करते; दुरुस्ती उंबऱ्याबाहेर ताटकळते. कादंबरीत हे चालून जाते. शास्त्रात जात नाही.

'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा एक निबंध छापला. अवघी १२ मुले तपासून त्यात गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला होता. २००४ साली दहा सहलेखकांनी त्या निष्कर्षावरून हात काढून घेतला; पण मुलांच्या निवडीविषयीची विधानेच खोटी ठरल्यावर सबंध निबंध मागे घ्यायला २०१० साल उजाडले. आज त्यावर तांबड्या अक्षरांत शिक्का आहे. अक्षरे मोठी आहेत, पण ती उमटली बारा वर्षांनी! तोवर ब्रिटनमधल्या कितीतरी आईबापांनी मुलांना लस टोचण्याचे टाळले होते.

उलट, २०१८ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी फ्रान्सिस अर्नोल्ड यांची गोष्ट पाहा. 'सायन्स'मधला आपला २०१९ चा निबंध त्यांनी २०२० च्या जानेवारीत मागे घेतला. प्रयोग पुन्हा केल्यावर तेच फळ येईना, हे त्यांनी उघड सांगितले. माझ्या लेखी त्यांची प्रतिष्ठा वाढलीच.

नियतकालिकाची पारख मी त्याच्या गाजलेल्या निबंधांवरून करीत नाही. चूक कळल्यावर ते किती लवकर बोलते, एवढेच पाहतो.