वाऱ्याचा नकाशा आणि झाडांची उंची

पवनचक्कीची जागा ठरवण्याच्या शास्त्रात 'युरोपियन विंड अ‍ॅटलस' या ग्रंथाला मोठा मान आहे. ट्रोएन व पीटरसन यांचा हा ग्रंथ डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेने १९८९ साली प्रसिद्ध केला. वेधशाळेतील नोंदींतून तेथील झाडे, घरे व टेकड्यांचा परिणाम वजा करायचा आणि नव्या जागेचा परिणाम त्यात मिळवायचा, ही त्यातील मूळ कल्पना आम्हांला आजही वर्गात शिकवण्याजोगी वाटते.

जंगलापाशी मात्र ग्रंथातील वर्गांचे कोष्टक एकटे पुरत नाही. त्यात भूपृष्ठाच्या खडबडीतपणाचे चार वर्ग आहेत. शेवटच्या वर्गात शहरे आणि जंगले एकत्र घातली असून खडबडीतपणाची लांबी ०.४ मीटर दिली आहे. दाट जंगलासाठी ती सुमारे १ मीटर धरणे योग्य. शिवाय दाट झाडीवरून वाहणाऱ्या वाऱ्याला जमीनच जणू वर उचलल्यासारखी होते. झाडे २० मीटर उंच असतील, तर ही उचल सुमारे १४ मीटर भरते. म्हणजे ८० मीटरचा मनोरा वाऱ्याच्या हिशेबी ६६ मीटरचाच!

फरक किती पडतो, ते विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. उंचीतून उचल वजा करा, खडबडीतपणाच्या लांबीने भागा आणि लॉगॅरिदम घ्या. वेग त्याच्या प्रमाणात असतो. २०० मीटरवर वारा सर्वत्र सारखा मानू. मोकळ्या शेतासाठी लांबी ०.०३ मीटर घ्या. आता ८० मीटरवर ग्रंथातील शेवटच्या वर्गानुसार वेग शेतापेक्षा सुमारे ५ टक्के कमी येतो. उचल धरून जंगलाचा हिशेब केल्यास १० टक्क्यांहून थोडा अधिक. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलत असल्याने तिच्यातील घट १४ टक्क्यांऐवजी २८ टक्के होते. एवढ्या फरकाने एखाद्या प्रकल्पाचा जमाखर्च कोलमडू शकतो.

त्या काळी पवनचक्क्या मुख्यतः किनाऱ्यावर व मोकळ्या शेतांत असत, तरी जंगलात ही उचल धरावी लागते, हे लेखकांनी ग्रंथातच सांगितले होते. पुढे स्वीडन, फिनलंडच्या जंगलांत त्या उभ्या राहिल्या आणि ही उचल धरणे अधिकच महत्त्वाचे ठरले.

जंगल तोडावे, असा याचा अर्थ नव्हे. मनोरा उंच करावा आणि त्या उंचीवर वारा प्रत्यक्ष मोजावा. झाडे वाढतात, कोष्टकातला आकडा मात्र वाढत नाही, हे विसरू नये.