झाडून ठेवलेले रिकामे घर
योहान हारी यांच्या ‘चेजिंग द स्क्रीम’ या ग्रंथाचे परीक्षण

योहान हारी या ब्रिटिश पत्रकाराचा ‘चेजिंग द स्क्रीम’ हा इंग्रजी ग्रंथ २०१५ साली प्रसिद्ध झाला. अमली पदार्थांविरुद्ध अमेरिकेने पुकारलेल्या आणि पुढे बहुतेक जगाने अंगीकारलेल्या ‘युद्धा’ची कहाणी त्यात सांगितली आहे. हे युद्ध थांबवावे आणि व्यसनाधीन माणसाला गुन्हेगार ठरविणारे कायदे रद्द करावेत, असे ग्रंथकाराचे प्रतिपादन आहे. आपल्या धर्मग्रामांतील शिकलेले तरुण आज अशाच युक्तिवादाचे दाखले देतात. वडीलधारी मंडळी असे काही ऐकताच कानांवर हात ठेवतात. या दोहोंच्या मध्ये धर्मगुरू व धर्मशिक्षक उभे असतात, आणि पुष्कळदा त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नसते. म्हणून दशक लोटल्यावरही या ग्रंथाचा परामर्श घेणे अप्रस्तुत ठरू नये. शिवाय मधल्या काळात काही प्रदेशांनी ही सूचना अमलात आणून पाहिली आहे; त्यामुळे ग्रंथाची परीक्षा आता अनुभवाच्या कसोटीवरही करता येते.

ग्रंथाचा आशय

ग्रंथाच्या नावाचा उगम एका प्रसंगात आहे. हॅरी आन्सलिंगर हा पेनसिल्व्हेनियातील मुलगा बारा वर्षांचा असताना शेजारच्या शेतकऱ्याच्या घरातून त्याला एका स्त्रीची किंकाळी ऐकू आली. तिला अमली औषधाची सवय जडली होती. मुलाला घाईने औषधाच्या दुकानी पिटाळण्यात आले. त्याने आणलेले औषध मिळताच किंकाळी थांबली. ती किंकाळी या मुलाच्या कानांतून कधी गेली नाही. पुढे १९३० साली तो अमेरिकेच्या अमली पदार्थ विभागाचा पहिला आयुक्त झाला आणि तीन दशकांहून अधिक काळ त्याने या विभागाची सूत्रे हलविली. बिली हॉलिडे या कृष्णवर्णीय गायिकेचा त्याच्या विभागाने केलेला पाठलाग, आणि १९५९ साली न्यूयॉर्कच्या रुग्णालयात, खोलीबाहेर पोलिसांचा पहारा असताना तिला आलेला मृत्यू, ही या ग्रंथातील सर्वांत परिणामकारक प्रकरणे होत.

त्यानंतर ग्रंथकार ॲरिझोनातील तुरुंग, मेक्सिकोतील टोळीयुद्धे, व्हँकूव्हरमधील व्यसनाधीनांची वस्ती, स्वित्झर्लंड, पोर्तुगाल व उरुग्वे असा प्रवास घडवितो. त्याचे निष्कर्ष मुख्यतः दोन आहेत. पहिला असा की शिक्षेमुळे व्यसन सुटत नाही. शिक्षा माणसाला समाजापासून तोडते, आणि तुटलेपण हेच व्यसनाचे मूळ असल्यामुळे शिक्षेने ते अधिकच घट्ट होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असाच हा प्रकार होय. दुसरा निष्कर्ष असा की बंदीमुळे व्यापार नाहीसा होत नाही, तो टोळ्यांच्या हाती जातो.

ग्रंथकाराविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. इतरांची वाक्ये आपल्या मुलाखतींत मिसळल्याचे आरोप झाल्यावर २०११ साली त्यांनी ती चूक मान्य केली आणि मिळालेले ऑरवेल पारितोषिक परत केले. या ग्रंथातील मुलाखतींचे ध्वनिमुद्रण मात्र त्यांनी सर्वांना ऐकण्यास खुले ठेवले आहे. वाचकाने सावध असावे, परंतु एवढ्यावरून ग्रंथ बाजूला सारू नये.

इतिहासातील उणीव

कथन रसाळ असले तरी त्याचा सारा भार एका माणसावर पडतो. बंदीचे धोरण आन्सलिंगरच्या भयातून व वंशद्वेषातून जन्मले, अशी वाचकाची समजूत होते. तिचा उगम याहून जुना आहे आणि त्याच्याशी आपला निकटचा संबंध आहे.

एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू चीनकडे जात असे. कंपनीच्या मुंबईला चुकवून ती पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून निघे. पुढे मुंबईतूनच जाऊ लागली. या व्यापाराविरुद्ध सर्वांत चिकाटीने आवाज उठविणाऱ्यांत चीन व हिंदुस्थानातील ख्रिस्ती मिशनरी होते. त्यांच्या व त्यांच्या इंग्लंडमधील सहकाऱ्यांच्या चळवळीमुळे १८९३ साली अफूविषयक शाही आयोग नेमला गेला. त्याने १८९५ साली व्यापाराच्याच बाजूने कौल दिला, तरी चळवळ थांबली नाही. १९०९ साली शांघाय येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय अफू आयोगाचे अध्यक्ष होते फिलिपाइन्समधील एपिस्कोपल बिशप चार्ल्स ब्रेंट. १९१२ चा हेगचा करार हे त्याच प्रयत्नांचे फळ.

ज्या कायद्यांना हारी नावे ठेवतात त्यांच्या पाळण्याची दोरी काही अंशी आपल्याच वडिलांच्या हाती होती, हे यावरून ध्यानात यावे. त्या वडिलांना वंशद्वेष्टे म्हणता येणार नाही. साम्राज्याच्या तिजोरीसाठी एका राष्ट्राला व्यसनी करणाऱ्या बलाढ्यांविरुद्ध ते उभे होते. मात्र बलाढ्य विक्रेत्यावर उगारलेला हात पुढे दुबळ्या सेवन करणाऱ्यावर पडू लागला, हा बदल त्यांनी योजिलेला नव्हता. हारी यांनी हा इतिहास जमेस धरला असता तर त्यांचा युक्तिवाद अधिक न्याय्य झाला असता, आणि आपल्यालाही आत्मपरीक्षणाची संधी मिळाली असती.

दोन निराळ्या गोष्टी

ग्रंथाचा दुसरा दोष विचारांच्या सरमिसळीचा आहे. सेवन अदंडनीय ठरविणे ही एक गोष्ट. विक्री कायदेसंमत करणे ही अगदी निराळी. पोर्तुगालने पहिली केली. तेथे व्यापार आजही गुन्हाच आहे. उरुग्वेने २०१३ साली गांजाच्या बाबतीत दुसरी केली. हारी एकाकडून दुसऱ्याकडे इतक्या सहजपणे जातात की दोन्ही एकाच वाटेवरचे मुक्काम वाटावेत.

आपल्या भूमिकेसाठी हा भेद महत्त्वाचा आहे. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण-ग्रंथ (परिच्छेद २२९१) वैद्यकीय कारणावाचून अमली पदार्थांचे सेवन हा गंभीर अपराध मानतो आणि त्यांच्या चोरट्या उत्पादनाचा व व्यापाराचा कडक शब्दांत निषेध करतो. पोप फ्रान्सिस यांनी जून २०१४ मध्ये रोम येथे अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांच्या परिषदेपुढे बोलताना, करमणुकीच्या म्हटल्या जाणाऱ्या पदार्थांना अंशतः कायदेशीर मान्यता देण्यासही विरोध दर्शविला होता. परंतु एखादे कृत्य पाप आहे म्हणून राज्याने त्यास तुरुंगवास द्यावाच, असे ख्रिस्ती परंपरा म्हणत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी मानवी कायद्याचे विवेचन करताना हेच प्रतिपादिले आहे की कायदा सर्व दुर्गुणांना मनाई करीत नाही; ज्यांच्यामुळे इतरांची हानी होते आणि समाज टिकणे अशक्य होते अशा अधिक घोर दुर्गुणांनाच तो प्रामुख्याने आवर घालतो. सेवन करणाऱ्यास तुरुंगात पाठवावे की नाही, हा म्हणून विवेकाचा प्रश्न आहे. त्यावर श्रद्धावंतांत मतभेद असू शकतो, आणि असा मतभेद बाळगणारा तरुण श्रद्धेपासून ढळला असे समजण्याचे कारण नाही.

पोर्तुगाल आणि ओरेगन

१ जुलै २००१ पासून पोर्तुगालमध्ये दहा दिवसांच्या वैयक्तिक गरजेपुरता साठा जवळ असणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. परंतु पोलीस आजही त्या माणसाला अडवितात, पदार्थ जप्त करतात आणि त्याला एका त्रिसदस्य समितीपुढे धाडतात. समितीवर कायदा, आरोग्य व समाजकार्य या क्षेत्रांतील माणसे असतात. ती त्याच्याशी बोलतात, त्याच्या घरादाराची व कामाची चौकशी करतात, आणि व्यसन जडले असेल तर उपचारांची वाट दाखवितात. त्याचबरोबर राज्याने उपचारकेंद्रे वाढविली. सुया टोचून घेणाऱ्यांमधील एचआयव्हीचा नवा संसर्ग पुढील वर्षांत फार मोठ्या प्रमाणावर घटला, आणि अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पश्चिम युरोपातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक राहिले. आर्थिक संकटाच्या काळात, २०१२ साली, या कामाची मध्यवर्ती संस्था मोडून ते विखुरले गेले. त्यानंतर पोर्तोसारख्या शहरांतून पुन्हा तक्रारी उमटू लागल्या. कायदा तोच होता. त्यामागची माणसे व पैसा आटला होता.

आता ओरेगन पाहावे. अमेरिकेच्या या राज्यात नोव्हेंबर २०२० मध्ये जनतेने कौल दिला आणि फेब्रुवारी २०२१ पासून थोडा साठा बाळगणाऱ्यास शंभर डॉलर दंडाची चिठ्ठी मिळू लागली. एका दूरध्वनी क्रमांकावर बोलून आरोग्य-तपासणी करून घेतल्यास दंड माफ होई. फारच थोड्यांनी दूरध्वनी केला. उपचारांसाठी ठेवलेला निधी संस्थांच्या हाती पोहोचण्यास विलंब झाला. त्याच सुमारास फेंटानिल हे अतिशय घातक रसायन तेथे पसरत होते. त्यामुळे वाढलेले मृत्यू कायद्यामुळे झाले की रसायनामुळे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु लोकांचा धीर सुटला, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणे तेथे पुन्हा गुन्हा ठरले.

येथे मत्तयकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील दृष्टान्त आठवल्यावाचून राहत नाही. अशुद्ध आत्मा निघून जातो. परत येऊन पाहतो तो घर झाडलेले, सजविलेले, पण रिकामे. मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात घेऊन येतो. ओरेगनने पोलीस दारातून हलविला आणि घरात कोणालाच वस्तीला पाठविले नाही. पोर्तुगालने पोलिसाच्या पाठोपाठ विचारपूस करणारी माणसे आणून बसविली. हारी यांच्या ग्रंथात या दुसऱ्या अर्ध्याचे वर्णन आहे, परंतु समारोप करताना त्यांचा स्वर असा लागतो की पहिले अर्धे झाले की दुसरे आपोआप होईल. अनुभवाने ही आशा खरी ठरविलेली नाही.

व्यसन, संबंध आणि पश्चात्ताप

व्यसनाचे मूळ तुटलेपणात आहे, हा विचार हारी यांनी मुख्यत्वे ब्रूस अलेक्झांडर या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांकडून घेतला आहे. एकट्या पिंजऱ्यातील उंदीर मॉर्फिनचे पाणी पीत राहतात, तर सोबती व मोकळी जागा मिळालेले उंदीर ते टाळतात, असे त्यांच्या प्रयोगांत आढळले. पुढील प्रयोगांत हा परिणाम नेहमीच दिसला नाही, आणि रसायनाचा शरीरावरील अंमल हारी समजतात तितका क्षुल्लक नाही. तरीही माणूस संगतीसाठी निर्माण झाला आहे, हे सत्य उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायापासून आपण वाचीत आलो आहोत; ग्रंथकाराने ते आपल्या मार्गाने गाठले याचा आनंदच वाटावा.

जेथे ग्रंथ उणा पडतो ते स्थान निराळे आहे. हारी यांच्या लेखी दोषाची जाणीव ही केवळ हानिकारक आहे. लाज आणि पश्चात्ताप यांत ते फरक करीत नाहीत. लाज माणसाला लपवायला लावते. पश्चात्ताप त्याला उठून बापाच्या घराकडे चालायला लावतो. मद्यपींच्या ज्या बंधुसंघाची स्थापना १९३५ साली अमेरिकेत झाली, त्याच्या बारा पायऱ्यांत आपल्या चुकांची प्रांजळ यादी करणे व दुखावलेल्यांची भरपाई करणे यांना स्थान आहे, याचे मर्म येथे आहे.

आपल्या दारी

आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा लागू आहे. कलम २७ नुसार हेरॉईनसारख्या पदार्थाच्या सेवनास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मात्र त्याच कायद्याचे कलम ६४-अ सांगते की थोड्या साठ्याच्या वा सेवनाच्या आरोपातील व्यसनाधीन माणूस स्वेच्छेने शासनमान्य केंद्रात उपचारास गेला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याच्यावरील खटल्यापासून त्यास संरक्षण मिळते. प्रत्येक धर्मशिक्षकाला हे कलम ठाऊक असावे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ सालच्या सर्वेक्षणानुसार देशात अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लक्ष आहेत, आणि मद्य घेणारे सुमारे १६ कोटी. बडोद्याचे वाचक दारूबंदीच्या राज्यात राहतात, गोव्याचे वाचक मुक्त विक्रीच्या. मद्याने मोडलेली घरे दोघांच्याही परिचयाची असतील. मंदसौर व नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, तिचे नियंत्रण ग्वाल्हेरच्या कार्यालयातून होते, आणि त्याच पट्ट्यातील तरुण चोरट्या पुडीसाठी तुरुंगात जातात.

काही वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तेथील एका विधवेचा मुलगा ब्राऊन शुगरच्या पुड्यांसह पकडला गेला. आई माझ्याकडे आली ती एवढेच सांगायला की, “फादर, मंडळीत कोणाला कळू देऊ नका.” मी तिचा शब्द पाळला, आणि तो पाळणे हेच माझे कर्तव्य आहे असे समजलो. तुरुंगात एकदा जाऊन आलो. कलम ६४-अ मला तेव्हा माहीत नव्हते. मुलगा सुटून आला आणि तिसऱ्या आठवड्यात वारला. तुरुंगात शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर आल्यावर पूर्वीचीच मात्रा घेतली की ती जीवघेणी ठरते, हे मला नंतर डॉक्टरांकडून समजले. दफनानंतर आई म्हणाली, “तो सुटला ते तुम्हाला ठाऊक होतं, फादर. मग आला का नाहीत?” मजपाशी उत्तर नव्हते; आजही नाही.

कायदा सौम्य असता तर कदाचित तो तुरुंगात गेलाच नसता. या बाबतीत मी हारी यांच्याशी सहमत आहे, आणि सेवन करणाऱ्यास कैद करणे थांबावे असे माझेही मत झाले आहे. परंतु त्या तीन आठवड्यांत त्याच्या घराला कुलूप कायद्याने लावलेले नव्हते. दार उघडे होते. मी गेलो नाही.

हा ग्रंथ आपल्या धर्मगुरूंनी वाचावा. त्याचा इतिहास एकांगी आहे, त्याचे मानसशास्त्र घाईचे आहे, आणि पापाविषयी तो अबोल आहे. हे दोष ध्यानात ठेवून वाचावा. आणि वाचून झाल्यावर वादात कोणती बाजू घ्यावी हे ठरविण्यापूर्वी, आपल्या धर्मग्रामातून तुरुंगात किंवा उपचारकेंद्रात कोण गेले आहे व ते कोणत्या तारखेस परत येणार आहे, याची चौकशी करावी.