निर्णय कुणाचा?

कार्ल श्मिट या जर्मन कायदेपंडिताचे ‘पोलिटिकल थिऑलॉजी’ हे १९२२ सालचे पुस्तक मी इंग्रजीतून वाचले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: नियम आपला आपण लागू होत नाही, तो कधी गुंडाळून ठेवायचा हे जो ठरवतो तोच सार्वभौम. विद्वानांना हा विचार हादरवतो. मला त्यात नवल वाटले नाही. १९५० साली अमलात आलेल्या घटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, माझ्या वडिलांच्या लहानपणी, गावच्या आडावर पोहरा दुसऱ्यानेच ओढायचा आणि पाणी वरून ओतायचे. कलम दिल्लीत होते. निर्णय आडाच्या काठावर होत होता.

म्हणून श्मिटचा प्रश्न मी नाकारत नाही; त्याचे उत्तर नाकारतो. तो सार्वभौमाला राज्याच्या शिखरावर आणि आणीबाणीच्या दिवशी शोधतो. आमचा तर रोजचा दिवसच अपवादाचा होता, आणि सार्वभौम गावोगावच्या ओट्यांवर बसले होते.

महाड आठवा. मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली बोले ठराव झाला. १९२४ साली नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. तरी अस्पृश्याची ओंजळ कोरडीच राहिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह माणसे तळ्यावर गेली, पाणी प्याली, तेव्हा तो ठराव खरा झाला. हाही निर्णयच होता. पण कायदा गुंडाळणारा नव्हे, कायद्यात प्राण घालणारा. पुढे नगरपालिकेने ठराव फिरवला. डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम आला, तेव्हा सत्याग्रहाला जमलेले हजारो लोक पाण्याला न शिवता परतले. १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

ताकद हाती असून ती कायद्याखाली ठेवणारी माणसे श्मिटच्या सिद्धांतात कुठेच बसत नाहीत. तो स्वतः १९३३ साली नाझी पक्षात गेला. १९३४ च्या उन्हाळ्यात हिटलरने खटल्याविना माणसे मारवली, तेव्हा त्याने लेख लिहून त्यालाच न्याय ठरवले. जाब न देणारा निर्णय तिथेच पोचतो.

आपल्या विद्यार्थ्यांनी श्मिट जरूर वाचावा. मात्र ‘कोण ठरवतो?’ एवढ्यावर थांबू नये. ठरवणाऱ्याला जाब कोण विचारणार, हेही विचारावे. आडावर उभ्या असलेल्या माझ्या वडिलांना ते विचारता आले नाही. मला विचारता येते, ते त्या तळ्यावर गेलेल्या माणसांमुळे.