भिंतीवरचे चित्र, भिंतीवरची भाषा

मुंबईत चित्रप्रदर्शने पाहायला कुठे जावे, या प्रश्नाचे उत्तर कठीण नाही. काळा घोड्यापाशी उतरावे, जहांगीर आर्ट गॅलरीत शिरावे, तिथून रस्ता ओलांडून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जावे आणि पायांत बळ उरले असेल तर कुलाबा-फोर्टच्या गल्ल्यांतली खासगी कलादालने धुंडाळावीत. जानेवारीत गॅलरी वीकेंड असतो, फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव असतो आणि २०२३पासून नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ हा मेळाही भरू लागला आहे. प्रदर्शनांची वाण या शहराला नाही. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. ही प्रदर्शने बोलतात ती कुणाशी, आणि चित्रे भिंतीवरून उतरल्यावर त्यांतले मागे काय राहते?

हा प्रश्न नीट तपासायचा तर या तीन प्रकारच्या भिंती वेगवेगळ्या पाहाव्या लागतात.

पहिली भिंत जहांगीरची. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिलेली ही वास्तू १९५२ साली खुली झाली. आत जायला पैसे पडत नाहीत, कुणी नावगाव विचारत नाही. शेजारच्या संग्रहालयातून बाहेर पडलेली शाळेची सहल, कोर्टाच्या कामासाठी आलेला अशील, पाऊस चुकवायला थांबलेला माणूस, सगळे आत येतात. १९६४ साली सुरू झालेले ‘समोवार’ २०१५ साली बंद झाले, तरी दाराचा हा उघडेपणा टिकला आहे. इथला हिशोब आठवड्याचा. मंगळवारी चित्रे लागतात आणि पुढच्या सोमवारी संध्याकाळी उतरतात. या सात दिवसांसाठी चित्रकार काही वर्षे रांगेत थांबलेला असतो. त्यात सांगलीचा कलाशिक्षक असतो, तसा ठाण्याच्या चाळीत राहून रंगवणाराही असतो. त्याच्याशी मराठीत बोला, तो रंगाविषयी, कागदाविषयी, अडलेल्या चित्राविषयी भरभरून बोलतो. त्याच्याच घडीपत्रकात मात्र कुणाकडून तरी लिहून घेतलेले इंग्रजी असते. विश्व, ऊर्जा, आत्म्याचा प्रवास अशा शब्दांची ही गर्दी कुठल्याही चित्राखाली खपून जाते. अशी घडीपत्रके मी जमवत आलो आहे. त्यांवरची नावे झाकली तर कोणते कुणाचे हे ओळखणे अवघड जावे.

दुसरी भिंत खासगी कलादालनांची. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ साली ‘केमोल्ड’ सुरू केले ते जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर. पंडोल यांचे दालनही त्याच वर्षीचे. म्हणजे आधुनिक चित्राचा बाजार आणि फुकट पाहणारा रस्त्यावरचा माणूस एकेकाळी एकच जिना चढत होते. केमोल्ड २००७ साली प्रेस्कॉट रोडवर गेले. आज अशा बहुतेक दालनांत जाण्यासाठी जुन्या इमारतींचे मजले चढावे लागतात, काचेचे दार ढकलावे लागते. प्रवेश इथेही विनामूल्य असतो आणि प्रदर्शने बहुधा अधिक विचारपूर्वक मांडलेली असतात, महिना-दीड महिना चालतात. तरीही घंटा वाजवायला संकोचणारे प्रेक्षक मला ठाऊक आहेत. त्यांना अडवणारे कुणी नसते. तिथला मजकूर आपल्यासाठी लिहिलेला नाही, एवढे त्यांना दारातच कळते.

तिसरी भिंत सरकारी. १९११ सालच्या कावसजी जहांगीर सभागृहाचे अंतरंग बदलून १९९६ साली तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा उघडली. जिन्यांनी एकमेकांना जोडलेली दालने चढत चढत आपण घुमटाखाली पोहोचतो. एका चित्रकाराचे आयुष्य दाखवायला ही रचना फार सोयीची. २०१९ या एकाच वर्षात इथे दोन मराठी चित्रकारांची मोठी प्रदर्शने लागली. फेब्रुवारीत प्रभाकर बरवे यांचे ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’, आणि वर्ष सरताना सुधीर पटवर्धन यांचे ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’. माझे म्हणणे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

बरवे (१९३६–१९९५) नागावचे. विणकर सेवा केंद्रात नोकरी, वाराणसीतला तंत्रकलेचा संस्कार, आणि पुढे इनॅमल रंगांत मांडलेली घड्याळ, पान, किल्ली, पीस यांसारख्या साध्या वस्तूंची विलक्षण दुनिया. या वस्तू एकमेकींना टेकत नाहीत. त्यांच्यामध्ये मोकळी जागा असते आणि चित्र घडते ते त्या जागेत. मराठीत या जागेला ‘अवकाश’ म्हणतात. ‘गाडीला अजून अवकाश आहे’ असेही आपण म्हणतो. जागा आणि उरलेला वेळ, दोन्ही या एका शब्दात आहेत. बरव्यांच्या चित्रातले घड्याळ आणि त्याभोवतीची रिकामी जागा यांचा संबंध या शब्दाने जितका सहज उलगडतो, तितका ‘स्पेस’ या शब्दाने उलगडत नाही. हा माणूस विचार करत होता तोही मराठीत. १९९० साली आलेला त्यांचा ‘कोरा कॅनव्हास’ हा एखाद्या भारतीय चित्रकाराने स्वतःच्या निर्मितीविषयी केलेल्या सर्वांत नेटक्या लेखनांपैकी एक आहे. अशा चित्रकाराचे प्रदर्शन मुंबईत इंग्रजी नावाने भरते आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही, इतकी ही सवय मुरली आहे.

पटवर्धनांचे उदाहरण वेगळे. पुण्यात वैद्यकाचे शिक्षण, ठाण्यात १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय, आणि चित्रांत लोकल, इराणी हॉटेल, पूल, गिरणगाव, रस्त्यावरची माणसे. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०), ‘टाऊन’ (१९८४), ‘लोअर परळ’ (२००१) ही नुसती नावे वाचली तरी नकाशा डोळ्यांपुढे येतो. यांतले ‘टाऊन’ घ्या. दाटत चाललेल्या औद्योगिक वस्तीचे ते विस्तीर्ण दृश्य आहे. पण ठाणे-कल्याणच्या माणसाच्या तोंडी ‘टाऊनला जाणे’ म्हणजे फोर्ट-कुलाब्याला जाणे. चित्रातले ‘टाऊन’ जिथे आहे, तिथल्या लोकांचे ‘टाऊन’ दुसरीकडे आहे, आणि हे चित्र टांगले जाते ते त्या दुसऱ्या टाऊनमध्ये. चित्रकाराला हा अर्थ अभिप्रेत होता की नाही, हा मुद्दा निराळा. मुंबईच्या मराठी प्रेक्षकापुढे तो उभा राहतो, एवढे खरे.

पटवर्धनांनी स्वतः या अंतरावर काम केले होते. २००८-०९मध्ये त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत फिरवले. मुंबईच्या दालनांतच दिसणारी चित्रे प्रेक्षकांच्या गावी गेली, आणि गेली ती मराठी नाव घेऊन. हा प्रयोग परंपरा म्हणून का रुजला नाही, याची चर्चा आपल्याकडे पुरेशी झालेली नाही.

बरव्यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर यांच्या भाषणात व्यत्यय आणला गेला, हे अनेकांना आठवत असेल. संग्रहालयाच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बंद करण्याविषयी ते बोलत होते. चर्चा झाली ती भाषण रोखण्याची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण मूळ मुद्दा मागे पडला. कोणते प्रदर्शन लागावे हे ठरवताना या शहरातले कुणी असणार की नाही? भाषेचा प्रश्न त्याच प्रश्नाचे दुसरे टोक आहे. निवड दूरवर झाली की भाषाही दूरची येते.

चित्राला भाषा लागत नाही, ते डोळ्यांशी बोलते, असा आक्षेप इथे येईल. तो अर्धाच खरा आहे. भाषा लागतच नसती तर इंग्रजी मजकूरही भिंतीवर नसता. तो असतो, कारण कलादालनांना आणि संग्राहकांना मजकुराची ताकद ठाऊक आहे. आजच्या मजकुरातून उद्याचा इतिहास लिहिला जातो. ज्या भाषेत टिपण नाही, तिच्यातला प्रेक्षक त्या इतिहासात येत नाही. प्रोग्रेसिव्ह गटाच्या १९४९च्या प्रदर्शनाविषयी आपण आजही बोलू शकतो, कारण त्याविषयी कुणी तरी लिहून ठेवले. जहांगीरमध्ये दर सोमवारी उतरणाऱ्या चित्रांचे तसे होत नाही.

उपाय अवाढव्य नाहीत. प्रत्येक प्रदर्शनात एक पानभर मराठी मजकूर असावा आणि तो इंग्रजीचा अनुवाद नसावा, चित्रासमोर उभे राहून लिहिलेला असावा. घडीपत्रकाची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात जावी. कलाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून महिन्याला एका प्रदर्शनाचे मराठी टिपण लिहून घ्यावे. दिवाळी अंकांनी ही कामगिरी पूर्वी काही प्रमाणात केली आहे. ‘चिन्ह’ने गायतोंडे यांच्यावर केलेले काम हा त्याचा ठळक दाखला.

तोवर वाचकांनी स्वतःच सुरुवात करावी. हा अंक हाती असताना जहांगीरमध्ये कुणाचे ना कुणाचे प्रदर्शन चालू असेलच. सोमवार उलटण्याआधी जावे. घडीपत्रक खिशात ठेवून आधी चित्र पाहावे आणि चित्रकार तिथे बसलेला असेल तर त्याच्याशी मराठीत बोलावे. घरी आल्यावर तारीख घालून चार ओळी लिहून ठेवाव्यात. तेवढे तरी मागे राहील.